टेकडी चढून कोण जातं

'एडवर्ड सिझरहँड्स' हा सिनेमा संपला, नावं वर सरकू लागली आणि भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे किम नंतर एकदासुद्धा एडवर्डला भेटायला वर गेलीच नाही?" मी म्हटलं, "नाही गेली." "पण गढी तर तिच्या खिडकीतून दिसते ना? इतकी जवळ आहे?" "हो, दिसते." "मग?" या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात ताईनं जेवायला हाक मारली. पानं वाढून झाली होती, आमटी निवत होती, विषय तिथेच राहिला. भाचीच्या डोक्यातून तो बहुधा त्या रात्रीच गेला असेल. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. भांडी लावताना, दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये, नंतर ऑफिसात कुठल्याशा मीटिंगच्या मध्येच ती खिडकीजवळ बसलेली म्हातारी डोळ्यांपुढे यायची आणि प्रश्न पुन्हा उभा राहायचा. गढी दिसत होती. रस्ता माहीत होता. मग का नाही गेली?

टिम बर्टनचा 'एडवर्ड सिझरहँड्स' 1990 सालचा. मी तो पहिल्यांदा कॉलेजात असताना केबलवर पाहिला, रात्री उशिरा, आवाज अगदी बारीक करून, कारण पलीकडच्या खोलीत बाबा झोपलेले. पांढराफटक चेहरा, त्यावर बारीक बारीक वण, काळ्या चामड्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख, बोटांच्या जागी लांबलचक पाती, आणि या सगळ्याच्या मधोमध दोन घाबरे, ओलसर डोळे. जॉनी डेप त्यात एडवर्ड झाला आहे, एका शास्त्रज्ञानं घडवलेला आणि खरे हात बसायच्या आधीच अर्धवट राहिलेला मुलगा, आणि तो फार कमी बोलतो. जे काही आहे ते खांद्यांत, मानेत आणि त्या जपून जपून टाकलेल्या पावलांत. त्या वयात मला हा सिनेमा एडवर्ड आणि किम या दोघांचाच वाटला होता. जवळ घेतलं तर आपल्याच हातून तिला लागेल, म्हणून हात मागे घेणारा मुलगा! शेवटची ताटातूटही तेव्हा रास्तच वाटली. किमनं आयुष्यभर त्याची आठवण सांभाळली, नातीला त्याची गोष्ट सांगितली, याहून मोठं प्रेम ते काय असणार? तिनं टेकडी न चढणं मला खटकलं तर नव्हतंच, उलट त्यातच सगळं सौंदर्य आहे असं वाटलं होतं.

या वेळी मात्र माझी नजर पेगवर खिळली, किमच्या आईवर. दारोदार फिरून सौंदर्यप्रसाधनं विकणारी, लव्हेंडर रंगाचा सूट आणि तशीच टोपी घातलेली ही बाई. एव्हॉन कंपनीच्या मालाची पेटी घेऊन सकाळपासून आळीतली घरं पालथी घालते आहे आणि कुणीही काही विकत घेत नाही. थकून गाडीत बसते, बाजूचा आरसा नीट करते आणि त्या आरशात तिला मागच्या टेकडीवरची काळवंडलेली गढी दिसते. ती गढी काही त्या दिवशी उगवलेली नाही. गावातल्या प्रत्येकाला रोज दिसत असणार. पण पेग गाडी वळवते आणि वर जाते. फाटक ओलांडल्यावर आत हिरवीगार बाग, झुडपं कातरून केलेले प्राणी, मधोमध एक भलामोठा हात. ती घाबरण्याऐवजी हरखून जाते. पोटमाळ्यावर, छताला भगदाड पडलेल्या त्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यातून तो कात्र्या वाजवत पुढे येतो तेव्हा मात्र तिची गाळण उडते, ती निघायला लागते. तो तिला जाऊ नका म्हणतो. तिचं लक्ष त्याच्या हातांकडे जातं. हे काय झालं, असं ती विचारते आणि तो सांगतो की मी पूर्ण झालेलोच नाही. आणि मग ही बाई काय करते? चेहऱ्यावरचे वण पाहून आधी पेटीतलं औषधी पाणी काढते. आईवडिलांची चौकशी करते. मग म्हणते, तू माझ्याबरोबर घरीच चल. डायॅन वीस्टनं हा प्रसंग असा केला आहे की त्यात त्यागाचा, उपकाराचा मागमूसही नाही. पोरगं एकटं आहे, वण आहेत, घरी नेलं पाहिजे. एवढंच.

हे मला पहिल्या खेपेला दिसलंच नव्हतं.

खाली आल्यावरची ती वसाहत बघावी. फ्लोरिडात टँपाजवळ लुट्झ नावाचं गाव आहे, तिथल्या खऱ्याखुऱ्या वसाहतीत चित्रीकरण झालं. बो वेल्च या कलादिग्दर्शकानं तिथली घरं फिकट हिरव्या, पिवळ्या, निळ्या, गुलाबीसर रंगांत रंगवून घेतली. एकसारखी अंगणं, एकसारख्या खिडक्या, आणि सकाळी ठरावीक वेळी सगळ्या घरांतून एकदम बाहेर पडणाऱ्या मोटारी. बर्टन कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये अशाच एका उपनगरात वाढला. शाळकरी वयात त्यानं कात्र्यांचे हात असलेल्या एका मुलाचं चित्र काढलं होतं. सिनेमाचं बीज ते. पुढे त्यानं आणि कॅरोलाइन थॉम्पसननं मिळून त्याची गोष्ट केली, पटकथा थॉम्पसननं लिहिली. आता पाहताना जाणवतं की या माणसाला ती वसाहत नुसती टर उडवण्यापुरती माहीत नाही. तिथल्या बायकांचे फोन, एक पडदा हलला की दुसरा हलणं, नवं माणूस आलं की तासाभरात सगळ्या आळीला खबर लागणं, हे ज्यानं लहानपणी आतून सोसलं आहे त्यालाच असं दाखवता येतं. अर्थात सगळंच मला पटत नाही. जॉइस नावाची शेजारीण त्याच्या मागे लागते, सलूनच्या नावाखाली त्याला मागच्या खोलीत नेते. तो सारा प्रकार सिनेमा हसण्यावारी नेतो. एका गोंधळलेल्या, कुणाला दुखवायला घाबरणाऱ्या मुलाला कोंडीत पकडलं जात आहे, यात हसण्यासारखं काय आहे? आणि किमचा मित्र जिम इतका सरळसोट खलनायक आहे की त्याचं काय होणार याची आपल्याला फिकीरच राहत नाही. हा सिनेमाचा कच्चा भाग, आणि तो तेव्हाही कच्चाच असणार.

पण लोकांनी एडवर्डला आपलंसं केल्याचा जो मधला भाग आहे, तो मात्र अस्सल आहे. आधी कुतूहल. मग तो झुडपं कातरतो हे कळतं, तेव्हा प्रत्येकाला आपल्या अंगणात एक झुडूप हवं. (ती झुडपं खरी नव्हती. लोखंडी सांगाड्यांवर जाळी गुंडाळून प्लास्टिकचा पाला खोचला होता. पण डायनासोरपासून नाचणाऱ्या जोडप्यापर्यंत जे काही उभं केलं आहे ते आजही बघत राहावंसं वाटतं.) मग कुत्र्यांचे केस. मग बायकांचे केस. रांग लागते. जो तो त्याला जेवायला बोलावतो, प्रत्येकीच्या बशीत त्याच्यासाठी काहीतरी असतं. कुणी त्याचा दुस्वास करत नाही. सगळे त्याच्यावर खूश आहेत. फक्त त्याच्याकडून काहीतरी होत असतं तोवर. टीव्हीवरच्या मुलाखतीत प्रेक्षकांतली एक बाई म्हणते की तुला सगळ्यांसारखे हात आले तर तुझ्यात काही खास उरणारच नाही. टाळ्या पडाव्यात असं ते वाक्य आहे. आपल्याला घडी घातलेला कागद उलगडून जाळी दाखवणाऱ्याला आपण सगळेच असं काहीबाही म्हणत आलो आहोत.

आमच्या वाडीत मखरवाले काका होते. गणपतीच्या आधी आठवडाभर त्यांच्याकडे बसायला मिळणं म्हणजे आम्हा पोरांना पर्वणी. पतंगी कागदाची आठपदरी घडी घालायची, पेन्सिलीची एक रेघ न ओढता कात्री चालवायची, आणि घडी उलगडली की मोर, वेली, कमानी! मैद्याची खळ पाटावर थंड होत असायची, सगळ्या पडवीत तिचा आंबूस वास. लाल, हिरवे, जांभळे कपटे आमच्या पायांना चिकटलेले. कात्री बोथट झाली की ते ती पाट्याच्या कडेवर दोनदा फिरवायचे, आणि पुन्हा तोच आवाज, कागद फाटण्याचा नव्हे, कागद वाट करून देत असल्याचा. वाडीतल्या बहुतेक घरांचं मखर त्यांच्या हातचं. पण काकांच्या हातांवर कोड होतं, दोन्ही मनगटांपासून बोटांच्या पेरांपर्यंत, ओठांच्या कडेलाही. कोड स्पर्शानं होत नाही, हे तेव्हाही डॉक्टर सांगत होते आणि वाडीत शिकलेली माणसं कमी नव्हती. तरी आरतीनंतर खिरापतीचं ताट कधी काकांच्या हाती दिलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या हातचं मखर देवाला चालायचं, त्यांच्या हातचा प्रसाद माणसांना नाही. भांडण नाही, वाईट शब्द नाही, कुणी तोंडावर काही बोललं नाही. ताट नुसतं त्यांना वळसा घालून पुढे जायचं. काका मागे, दाराला टेकून झांज वाजवत उभे असायचे आणि ताट त्यांच्या बाजूला आलं की ते आपणहून झांजेची दोरी सोडवण्यात गुंतायचे. त्या दोरीचा प्रसंग मला हल्ली वारंवार आठवतो. तिला काही गाठ बसलेली नसायची. पुढे थर्माकोलची तयार मखरं आली आणि पडवी रिकामी झाली. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा वाडीतल्या बऱ्याच जणांना एकदम कागदाची मखरं आठवली, फोनाफोनी झाली, 'आपले काका' अजून करतात का, असं लोक विचारू लागले. काकांची नजर तोवर गेली होती.

'आपले काका'. हा शब्द तोवर कुणी वापरला नव्हता.

एडवर्डच्या बाबतीत लोकांच्या मनातून हे उतरणं फार झपाट्यानं होतं. सलून काढायचं म्हणून कर्ज मागायला जातो तर बँकेतला माणूस म्हणतो, तुमची कसलीच नोंद नाही, म्हणजे तुम्ही नसल्यातच जमा. मग जिमच्या बापाच्या घरातल्या चोरीत त्याला कुलूप उघडायला नेतात, धोक्याची घंटा वाजते, बाकीचे पळतात, तो एकटा आत अडकतो. आणि पोलिसांना तो कुणाचंही नाव सांगत नाही. नंतर किम त्याला विचारते, ते जिमचं घर आहे हे तुला ठाऊक होतं? तो हो म्हणतो. मग का गेलास? तू सांगितलंस म्हणून. संपूर्ण सिनेमात मला सगळ्यात जास्त लागणारं हे वाक्य आहे. त्याच्या पुढेमागे जेवणाच्या टेबलावर किमचा बाप बिल त्याला नीती शिकवतो: रस्त्यात पैशांनी भरलेली सुटकेस सापडली तर काय करशील? स्वतः ठेवशील, जिवलगांना भेटवस्तू घेशील, गरिबांना देशील, की पोलिसांत देशील? एडवर्ड म्हणतो, जिवलगांना देईन. सगळे त्याला चुकीचं ठरवतात. एकटी किम म्हणते की हेच जास्त छान आहे. एडवर्डला बरं-वाईट कळत नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञही काढतात. मला वाटतं, त्याला ते कळतं, पण तो ते माणसांकडे बघून ठरवतो, नियमाकडे बघून नाही. ज्यांच्या घरात राहतो त्यांच्यावर त्याचा विश्वास आहे. हाच त्याचा गुन्हा.

मधूनमधून त्याला घडवणारा म्हातारा शास्त्रज्ञ आठवणींत येतो. व्हिन्सेंट प्राइस! भयपटांतला तो दरारा असलेला आवाज इथे इतका मऊ झाला आहे की ऐकत राहावं. बर्टन लहानपणापासून त्याचा भक्त. 1982 मध्ये बर्टननं केलेल्या छोट्या चित्रपटाला निवेदनही प्राइसचंच होतं. इथे प्राइस थकलेला दिसतो, आणि खरंच थकलेला होता, 1993 मध्ये तो गेला. तो एडवर्डला शिष्टाचार शिकवतो, शिष्टाचार कंटाळवाणे वाटले तर कविता वाचून दाखवतो, हसायला शिकवतो. आणि एका नाताळाला, वेळ थोडी लवकरच आहे म्हणत, खरे हात भेट म्हणून पुढे धरतो. एडवर्ड पात्यांनी त्या बोटांना हळूच स्पर्श करतो. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच असतं आणि डोळ्यांतलं काहीतरी विझतं. तो कोसळतो, हात पात्यांत अडकून फुटतात. एडवर्ड त्याच्या गालाला हात लावायला जातो आणि गालावर रक्ताची रेघ उमटते. या प्रसंगात शब्द जवळजवळ नाहीत. डॅनी एल्फमनचं संगीत, ती लहान मुलांसारख्या स्वरांची साद आणि सेलेस्टा या वाद्याची किणकिण, तेवढंच. मी हा प्रसंग पाहताना भाचीकडे पाहिलं तर ती स्वतःच्या तळव्याकडे बघत होती.

बर्फाचा प्रसंग सगळ्यांना आठवतो: तो अंगणात बर्फाचा देवदूत कोरतो आहे, कण उडताहेत, किम त्या कणांत गिरकी घेते. पण पुढच्याच क्षणी जिम हाक मारतो, एडवर्ड वळतो आणि तिच्या तळहातावर पातं लागतं. त्या रात्री ती त्याला म्हणते, मला जवळ घे. तो हात लांब नेतो, बाजूला नेतो, आणि म्हणतो, मला येत नाही. मग ती स्वतःच त्याचे हात उचलून आपल्याभोवती नीट ठेवते. विनोना रायडर हे इतक्या सावकाश करते! एक पातं वर, एक खाली, मग डोकं त्याच्या छातीवर. मिठी कशी मारायची याचा मार्ग सापडतो तर. लागतो थोडा वेळ आणि थोडी काळजी, एवढंच. ही गोष्ट तिला आयुष्यात एकदा जमली होती, म्हणून तर भाचीचा प्रश्न मला जास्त टोचतो.

कारण त्याच रात्री पेग किमशी बोलते. ती म्हणते, त्याला घरी आणताना मी पुढचा विचारच केला नाही, त्याचं काय होईल, आपलं काय होईल. आता वाटतं, तो वर परत गेला तर बरं. तिथे तो निदान सुखरूप राहील, आणि आपलंही सगळं पूर्ववत होईल. दोन्ही गोष्टी एका दमात. तिचं खोटं नाही त्यात काही. तिला त्याची खरीच काळजी आहे, आणि तिला आपलं घर पूर्ववतही हवं आहे. पेगवर मला रागवता येत नाही. जी एकटी वर गेली तिलाच आपण जाब कसा विचारायचा? जे कधी गेलेच नाहीत त्यांना तर सिनेमाही काही विचारत नाही. एडवर्डवर उलटलेला जमाव टेकडीकडे निघतो तेव्हा त्याला थोपवू पाहतो तो फक्त ऑफिसर ॲलन, त्या सगळ्या गोऱ्या वसाहतीत ठळकपणे लक्षात राहणारा एक काळा माणूस. एडवर्डला फाटकापर्यंत पिटाळतो, हवेत गोळ्या झाडतो आणि पळ म्हणून सांगतो. मग लोकांकडे वळून म्हणतो, संपलं, घरी जा. या पात्राबद्दल सिनेमा काही बोलत नाही. पण जमाव म्हणजे काय, हे त्याला आळीतल्या इतरांपेक्षा जास्त ठाऊक असावं, असं मला या वेळी वाटत राहिलं.

आणि किम. गढीतल्या झटापटीत एडवर्डच्या हातून जिम मेल्यावर ती खाली येते, गढीत सापडलेला कात्र्यांचा एक सुटा हात जमावापुढे धरते आणि सांगते, दोघंही मेले. लोक पांगतात. त्या खोट्यानं एडवर्ड वाचतो, आणि त्याच खोट्यानं त्याच्या फाटकाला बाहेरून कडी लागते. आता ती वर गेली असती तर पायवाट पडली असती, पायवाटेनं दुसरं कुणी गेलं असतं. तिनं त्याच्यासाठीच स्वतःला अडवलं, असं मी मनातल्या मनात भाचीला उत्तर देऊन पाहिलं. बरंचसं पटण्यासारखं आहे ते. पण म्हातारी किम नातीला हे कारण सांगत नाही. ती म्हणते, मी आता म्हातारी झाले, त्यानं मला तेव्हाची आठवावी. मला हे पुरत नाही. तो म्हातारा होत नाही हे खरं, पण वण असलेला चेहरा त्याला कधी परका वाटला होता? तिच्या सुरकुत्यांची त्याला अडचण झाली असती का, हे तिनं त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. टीव्हीवरच्या बाईनं त्याच्या खासपणाचं ठरवलं, पेगनं सुखरूपपणाचं ठरवलं, हिनं आठवणीचं. सगळ्यांनी प्रेमानंच ठरवलं. मी किमला क्रूर म्हणणार नाही, पण ती गेली असती तर हा सिनेमा मला जास्त आवडला असता, शेवट कमी सुंदर झाला असता तरी चाललं असतं.

त्या टीव्हीवरच्या मुलाखतीतला आणखी एक प्रश्न मी पार विसरून गेले होते. प्रेक्षकांतलं कुणीतरी विचारतं, शस्त्रक्रिया करून हात बसवून घेण्याचा विचार केलास का? माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते कदाचित मदत करू शकतील. एडवर्ड क्षणभरही थांबत नाही. म्हणतो, मला त्यांना भेटायला आवडेल. साऱ्या सिनेमात त्याला काय हवंय हे त्याला विचारलं गेल्याचे आणि त्यानं इतक्या स्पष्टपणे सांगितल्याचे प्रसंग फार थोडे आहेत, त्यातला हा एक. निवेदक म्हणतो, कार्यक्रमानंतर आम्ही त्यांचं नाव देऊ, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पेग तिथेच, त्याच्याबरोबर मंचावर आहे. घरचे टीव्हीसमोर बसून बघताहेत, अवघी आळी बघते आहे. त्यानंतर सिनेमात कर्जाचा अर्ज होतो, सलूनची जागा बघितली जाते, चोरी होते, नाताळची तयारी होते. त्या डॉक्टरला मात्र कुणी फोन केल्याचं दिसत नाही.